मंडईच्या दिवशीचा अर्धा सामना

गेल्या आठवड्यात गावाकडच्या एका तरुणाचा फोन आला. यंदा मंडईच्या दिवशी फुटबॉलचा सामना ठेवला आहे, उद्घाटनाला प्रमुख पाहुणे म्हणून तुम्ही या, असं तो फार अदबीनं म्हणाला. मी एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. आमच्या घराण्यात पदवी घेणारा पहिला मीच, त्यामुळे गावात अजून माझं थोडं अप्रूप आहे. मला बरं वाटलं. मी सहज विचारलं, "सामना किती वाजता आहे?"

"तुमी आल्यावर, सर."

एवढं ऐकलं आणि माझं डोकं तापलं. त्या बिचाऱ्याला काही कळेना. मी त्याला सांगितलं की सामना दोनला असेल तर दोनला सुरू करा, मी येईन किंवा येणार नाही, पण माझ्यासाठी एक मिनिटही थांबलात तर मी रस्त्यावरूनच परत फिरेन. हार नको, नारळ नको. तो "हो सर, हो सर" करत राहिला. फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "काहून भडकता इतकं? त्यानं सन्मानानंच तं बोलावलं." तिला मी काय सांगणार? मंडईचे दिवस आले की सगळ्या झाडीपट्टीला उत्साह येतो आणि मला राग येतो. वीसेक वर्षं होऊन गेली, पण तो राग धानाच्या बांधीतल्या पाण्यासारखा जिथल्या तिथे उभा आहे.

ज्यांनी मंडई पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडया भरतात. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. त्या दिवशी लेकी-जावई, व्याही, आतेभाऊ, मामेभाऊ, ओळखीचे, ओळखीच्या ओळखीचे, सगळे त्या गावात येतात. दुपारी दंडार नाचते, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जिलेबीची आणि फुग्यांची दुकानं लागतात, आणि घराघरात चुलीवर मोठी गंजं चढलेली असतात. नव्या तांदळाचा भात, कोंबडीचा रस्सा, उडदाचे वडे. मंडईच्या दिवशी ओळखीच्या दारावरून न जेवता पुढे जाणं म्हणजे त्या घराचा उघड अपमान. ही रीत समजून घेतल्याशिवाय आमचा फुटबॉल क्लब काहून हरायचा हे कोणालाच समजणार नाही.

आमचं गाव आसगाव आणि कोंढ्याच्या मधल्या पट्ट्यातलं, तळ्याकाठचं. क्लबचं नाव नीलकमळ. भंडारा जिल्हा फुटला, गोंदिया वेगळा झाला, त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. तोपर्यंत जिल्ह्याच्या साखळी स्पर्धेत आम्हाला कोणी उभंही करत नव्हतं. जिल्हा फुटला तेव्हा बरेचसे तगडे संघ पलीकडे गेले, इकडे जागा रिकाम्या झाल्या, आणि सहा संघांची गोळाबेरीज करताना आमचंही नाव लागलं. गावाला वाटलं, आता आपले दिवस आले. पहिल्या वर्षी आम्ही खालून दुसरे आलो. जिल्हा अर्धा झाला तरी आमचा नंबर खालूनच मोजावा लागत होता.

क्लब म्हणजे मुळात दोन माणसं. एक मनोहरभाऊ, त्यांचं सायकलचं दुकान होतं. हवा भरायचा पंप त्यांच्याकडे, पंक्चरचं सामान त्यांच्याकडे, म्हणून चेंडू त्यांच्याकडे, म्हणून क्लब त्यांच्याकडे. आमच्या चेंडूला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ होतं आणि तो उसळला की कायम थोडा डावीकडे जायचा. दुसरा देवानंद, आमचा कप्तान. त्याला सगळे देवा म्हणत. तो माझ्याच टोलीतला, म्हणजे गावाबाहेरच्या आमच्या वस्तीतला, माझ्याच वयाचा. दहावीनंतर त्याची शाळा सुटली आणि माझी सुटली नाही, एवढाच आमच्यातला फरक. माझी काहून सुटली नाही, तर आईनं दुसऱ्यांच्या बांधीत वाकून धानाची रोवणी केली म्हणून, आणि गावच्या शाळेतल्या एका गुरुजींनी फॉर्म भरायला मला स्वतः सायकलवर बसवून पवनीला नेलं म्हणून. हे मी विसरलेलो नाही. साखळीतल्या दुसऱ्या वर्षाची ही गोष्ट, आणि त्या वर्षी मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो.

मला खेळता येत नव्हतं. मी फक्त पाहणारा. पण एकही सामना न चुकवणारा. आणि माझं अक्षर चांगलं म्हणून खेळाडूंची यादी, स्पर्धेच्या समितीला पत्र, नियमांच्या पुस्तिकेची नक्कल, हे सगळं मी लिहायचो. नियमांची पुस्तिका एकच होती, समितीच्या सचिवांकडे. मी ती एका दिवसासाठी मागून आणली आणि शंभर पानी वहीत उतरवून काढली. मनोहरभाऊ म्हणाले, "एवढं लिवून काय करतं, बाबू? आपल्याले तं फक्त बॉल त्या बाजूनं धाडाचा हाय."

मी म्हणालो, "नियम माहीत असले की कोणी फसवत नाही, भाऊ."

हे मी खरंच मानत होतो. कॉलेजात शिकलेला माणूस जे काही पहिल्यांदा मानतो, त्यातलं ते एक.

रोवणी संपली की आमचा मोसम सुरू व्हायचा. मैदान म्हणजे गावाचं आखर. सकाळी गुरं चरायला नेण्याआधी जिथे गोळा होतात ती मोकळी जागा. सकाळी गुरं, संध्याकाळी फुटबॉल. शेण उचलून बाजूला टाकणं हाच आमचा सराव. दोन्ही टोकांना बांबूचे गोल, आणि मागे ढिवरांकडून मागून आणलेलं मासे धरायचं जुनं जाळं. पाऊस पडून गेलेला असायचा, तळ्यावरून ओला वारा यायचा, बांध्यांमध्ये हिरवं धान गुडघ्याएवढं झालेलं असायचं, आणि दिवसभर निंदण करून आलेली अकरा माणसं अनवाणी त्या चिखलात धावत सुटायची. ते दृश्य मला अजून दिसतं. पाठ मोडेस्तोवर काम करून आलेली माणसं पुन्हा धावतात, तेही कोणी सांगितलेलं नसताना, याचं मला तेव्हाही नवल वाटायचं आणि आजही वाटतं.

पहिला सामना बाहेरगावी होता. चार गोलांनी हरलो. त्याबद्दल काही म्हणणं नाही, ते चांगले खेळले.

दुसऱ्या सामन्याबद्दल मात्र म्हणणं आहे. तो आमच्याच आखरावर झाला. देवानं मारलेला चेंडू दोन बांबूंच्या मधून सरळ आत गेला, जाळ्याला एक मोठं भोक होतं त्यातून पार झाला आणि पलीकडच्या शेणाच्या ढिगात जाऊन रुतला. पंच दूर उभे होते. ते म्हणाले, बाजूनं गेला, जाळ्यात काहून अडकला नाही? आम्ही भोक दाखवलं. ते म्हणाले, भोक आधीपासून होतं हे कशावरून? ज्यांचं जाळं होतं ते म्हातारे ढिवर काठी टेकत मैदानात आले आणि म्हणाले, "साहेब, हे भोक मोठ्या मरळ मासोळीनं पाडलं. मागच्या उन्हाळ्यात. तुमी म्हनत असान तं मासोळीले बोलावू का साक्षीले?" सगळे हसले, पंचही हसले. गोल मात्र दिला नाही. आम्ही एक-शून्यनं हरलो.

त्या दिवशीचं ते हसणं मला पचलं नाही. आमच्या लोकांची ही सवय मला तेव्हापासून डाचते. अन्याय झाला की आम्ही त्यावर एक चांगलासा विनोद करतो आणि घरी जातो. समोरचाही हसतो आणि त्याला वाटतं, चला, मिटलं.

तिसऱ्या सामन्याला आंधळगावचा संघ आला, फार दूरचा प्रवास करून, अर्ध्या रस्त्यात गाडी बंद पडून. त्यांच्याशी एक-एक अशी बरोबरी झाली. त्या एका गुणाचा गावात एवढा गाजावाजा झाला की शाळेच्या फळ्यावर खडूनं लिहिलं गेलं. मी ते वाचत किती तरी वेळ उभा होतो. आमच्या गावाचं नाव असलेलं आणि हरलो हा शब्द नसलेलं वाक्य मी पहिल्यांदा वाचत होतो.

मग दिवाळी आली, आणि मंडया.

समितीनं शेवटचे सामने मंडईच्या दिवशी ठेवले होते, कारण गर्दी आयती मिळते. चौथा सामना आसगावला, त्यांच्या मंडईच्या दिवशी, दुपारी दोनला. आम्ही सकाळी दहालाच पोहोचलो आणि तिथेच चुकलो. आमच्या प्रत्येक खेळाडूचं आसगावात कोणी ना कोणी होतं. एकाची मावशी, दुसऱ्याची सासुरवाडी, तिसऱ्याच्या काकांचा व्याही. गल्लीत शिरलो की दारातून हाक यायची, "अगा, असाच चालला का? दोन घास खाऊन जा." दोन घास म्हणजे पितळी भरून भात. एका घरी जेवलं म्हणून दुसऱ्या घरी नाही म्हणता येत नव्हतं. आमचा गोलरक्षक तीन घरी जेवून मैदानात आला. गोलात उभा राहण्याऐवजी तो बांबूला टेकून उभा होता. पाच गोल झाले. पाचव्याला तर तो नुसता पाहत राहिला. मी ओरडलो तेव्हा म्हणाला, "वाकता येऊन नाही राहिलं, मास्तर. वडे जास्त झाले."

मला सगळे तेव्हापासूनच मास्तर म्हणायचे. परत येताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मी सगळ्यांकडे पाठ करून बसलो. समोरच्या संघाचा नव्हे, आमच्याच माणसांचा मला राग आला होता. वर्षभर चिखलात धावायचं, आणि शेवटी आतेच्या घरच्या रश्श्यानं हरायचं.

आता एकच सामना उरला होता. कोंढ्याला, कोंढ्याच्या मंडईच्या दिवशी. हिशेब सोपा होता. खालून दुसऱ्या संघाचे सामने संपले होते. आम्हाला जिंकायची गरज नव्हती, बरोबरी पुरे होती. हरलो तर सगळ्यात शेवटी, आणि शेवटचा संघ पुढल्या वर्षापासून साखळीतून बाहेर. एकदा बाहेर पडलो की परत आत येणं नव्हतं, कारण जागा मागणारी मोठी गावं दारात उभी होती. जिल्हा दर वर्षी थोडाच फुटतो. नीलकमळ बाहेर गेलं की आखरावर पुन्हा नुसती गुरं.

मी आखरावर सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं, "कोंढ्याला कोणी सामन्याआधी जेवणार नाही. घरून सकाळी भाकर खाऊन निघायचं. तिथे पाणी सोडून काही नाही."

 हे काय मागणं आहे ते सगळ्यांना कळत होतं. मनोहरभाऊंनी देवाकडे पाहिलं. देवाची मोठी बहीण सुलोचनाताई कोंढ्याला दिली होती, आणि मंडईला माहेरचा माणूस जेवायला येतो याची ती वर्षभर वाट पाहायची. देवा थोडा वेळ जमीन उकरत राहिला. मग म्हणाला, "जेवन मॅच झाल्यावर. मी सांगीन ताईले."

कोंढ्याला आम्ही बाराला पोहोचलो. ताईचं घर मैदानाच्या वाटेवरच होतं. ती दारात उभी होती, नवं लुगडं नेसून, हातात तांब्या. देवानं दुरूनच सांगितलं, "ताई, मॅच झाल्यावर येतो. आता नाही."

"दोन घास तं खा गा."

"एक घास खाल्ला तं दुसरा खावा लागते वो. मॅच झाल्यावर. दोन वाजता सुरू होते, चारला येतो."

ताईनं तांब्या उंबऱ्यावर ठेवला. आतून तिच्या सासूचा आवाज आला, "तुया भाऊ मोठा साहेब झाला वाटते. गरिबाच्या घरचं चालत नाही त्याले." देवानं ऐकलं. मीही ऐकलं. आम्ही पुढे गेलो. अकरा माणसं वासांमधून चालत होती, प्रत्येक दारात भात निवत होता, आणि एकही माणूस थांबला नाही. मी त्यांच्या मागून चालत होतो आणि मला त्यांचा जेवढा अभिमान वाटला तेवढा पुढे माझ्या पदवीच्या कागदाचाही वाटला नाही.

दोन वाजले. मैदान तयार, दोन्ही संघ तयार, पंच तयार. समितीचे लोक मंडपात. सामना सुरू होईना. विचारलं तर सचिव म्हणाले, प्रमुख पाहुणे निघाले आहेत, त्यांच्या हातून पहिला चेंडू मारायचा आहे. तीन वाजले. पाहुणे निघालेच होते. साडेतीनला ते दुसऱ्या एका मंडईत जेवायला थांबल्याचं कळलं. मला वाटलं, मी ऐकतो आहे ते खरं नसेल. आमची अकरा माणसं उपाशी उन्हात बसली होती आणि त्यांना बसवून ठेवणारा माणूस कोणाच्या तरी घरी निवांत जेवत होता.

पाहुणे आले तेव्हा पावणेपाच झाले होते. मग हार, मग नारळ, मग समितीच्या प्रत्येक सभासदाचं स्वागत, मग भाषण. भाषणात ते म्हणाले की ग्रामीण भागातल्या तरुणांनी वेळेचं महत्त्व ओळखलं पाहिजे. हे मी रचून सांगत नाही. मी तिथे उभा होतो.

कार्तिकातला दिवस. साडेपाचला ऊन मावळतं. सामना सुरू झाला तेव्हा सूर्य ऐनाच्या झाडांमागे उतरायला लागला होता. पस्तीस मिनिटांचा एक डाव. कोंढा त्या वर्षीचा सगळ्यात चांगला संघ, त्यांचा कप्तान गजू हा पवनी तालुक्यात नावाजलेला. त्यांनी धडकांवर धडका मारल्या. देवा मागे उतरून प्रत्येक चेंडूखाली आडवा होत होता. आमचा गोलरक्षक, आसगावला बांबूला टेकलेला तोच, त्या दिवशी मांजरासारखा झेपावत होता. उपाशी पोटी माणूस एवढं कसं खेळतो हे मला माहीत नाही. पस्तीस मिनिटं संपली तेव्हा शून्य-शून्य. मोसमात पहिल्यांदा आमच्यावर गोल झाला नव्हता.

आणि अंधार पडला.

चेंडू दिसेना. पंचांनी हात वर केले. मी वही काढली. माझ्या अक्षरात लिहिलेला नियम मला तोंडपाठ होता: साखळी सामना पूर्ण होऊ शकला नाही, तर दुसऱ्या दिवशी उरलेला वेळ खेळवावा, आणि तेही शक्य नसेल तर तो बरोबरीत धरून दोन्ही संघांना एकेक गुण द्यावा. म्हणजे एक तर उद्या खेळा, नाही तर गुण द्या. गुण मिळाला तर आम्ही वाचत होतो, खेळलो तर निदान संधी होती.

पण मंडपात कप ठेवलेला होता. कोंढा जिंकला तर कप कोंढ्याला, आणि तो देण्यासाठी पाहुणे बसलेले. बरोबरी झाली तर कप दुसऱ्याच एका संघाला, जो तिथे हजर नव्हता. पाहुण्यांना रिकाम्या हातानं परत कसं पाठवणार? सचिवांनी जाहीर केलं, निकाल आजच लागेल, नाणं उडवून.

मी वही घेऊन मंडपात गेलो. सचिवांनी वही हातातही घेतली नाही. म्हणाले, "कोन्त्या वर्षाले हाय तू?"

"बी.ए. फायनल."

"मंग परीक्षेचा अभ्यास कर ना, बाबू. इथं काहून डोकं लावून राहिला?"

मंडपातले लोक हसले. गजू पुढे येऊन म्हणाला, "साहेब, आमी उद्या खेळतो. आमचं काही म्हननं नाही." त्याला कोणी विचारलं नव्हतं. त्याला खांद्याला धरून मध्यावर उभं केलं. देवाला दुसऱ्या बाजूला. कोणाच्या तरी मोटारसायकलचा दिवा लावला. नाणं वर गेलं. देवानं छापा म्हटलं होतं. काटा पडला.

एवढंच. एका वर्षाचा चिखल, सोळा-सतरा माणसं, एक तळ्याकाठचं गाव, आणि काटा. कप दिला गेला, फोटो निघाला, पाहुणे गेले.

देवा ताईकडे जेवायला गेला, कारण शब्द दिला होता. मीही बरोबर होतो. भात थंड झाला होता. सासूबाईंना कोणीतरी सगळं सांगितलं असावं, कारण त्या स्वतः वाढायला बसल्या आणि एकदाच म्हणाल्या, "मले का माहीत होतं, बाबू." देवा खाली मान घालून जेवला. ताई त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. 

मी समितीला अर्ज लिहिला. माझ्या आयुष्यातला तो पहिला खरा अर्ज. शिष्यवृत्तीचे अर्ज लिहिले होते, पण ते मागायचे अर्ज, यात मी काही मागत नव्हतो, फक्त नियम सांगत होतो. भाषा शुद्ध, नियमाचा क्रमांक घातलेला, खाली सगळ्या खेळाडूंच्या सह्या. महिन्याभरानं मला बोलावलं. सचिवांनी विचारलं, "तुमी खेळाडू का?" नाही. "पदाधिकारी?" क्लबची कुठे नोंदणीच नव्हती, पदं कुठली असणार? "मंग तुमी कोन?"

मी म्हणालो, "मी सामने पाहतो."

"पाहनाऱ्याले तक्रार करता येत नाही," ते म्हणाले, आणि अर्ज फायलीत लावला. इतक्या शांतपणे, की मला उलट बोलताही आलं नाही. बाहेर आल्यावर मला सगळी उत्तरं सुचली. अजून सुचतात. वर्गात शिकवताना मधेच सुचतात. जे पाहतात त्यांनाच तर दिसलेलं असतं, हे एवढं साधं वाक्य मला त्या खोलीत काहून आठवलं नाही? शिकल्यामुळे मला नोकरी मिळाली, घर मिळालं, आईच्या पाठीला आराम मिळाला. त्या सगळ्याच्या आधी मला हा राग मिळाला. गावातल्या लोकांनी जाळ्याच्या भोकावर विनोद केला तसा कोंढ्याच्या नाण्यावरही केला. मला तो करता आला नाही. माझ्या हातात वही होती आणि वहीत नियम होता.

नीलकमळ साखळीतून बाहेर गेलं.

धान कापून झालं, चुरणे म्हणजे मळणीही आटोपली, बांध्या रिकाम्या झाल्या. माघातल्या एका रविवारी सकाळी कोंढ्याहून एक ट्रॉली आली. त्यात गजू आणि त्याचा पूर्ण संघ. आम्ही कोणी बोलावलं नव्हतं. गजू मनोहरभाऊंच्या दुकानासमोर उभा राहून म्हणाला, "भाऊ, पस्तीस मिनिटं उरली हायेत. खेळून टाकू. मले तो कप गावात ठेवावासा वाटत नाही."

"परत देऊन राहिला का मंग?" मनोहरभाऊंनी विचारलं.

"माया हातात असता तं आनलाच असता. तो समितीवाल्या गावकऱ्यायनं शाळेच्या कपाटात ठेवला."

यानं साखळीत काही फरक पडणार नव्हता, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी गाव आखरावर गोळा झालं. दोनची वेळ ठरली. तोपर्यंत तीन तास होते, आणि पाहुणा संघ दारात आलेला. टोलीत आणि गावात दोन्हीकडे चुली पेटल्या, आणि काही वेळातच रश्श्याचा वास आखरावर यायला लागला.

मनोहरभाऊ माझ्या आणि देवाच्या जवळ आले आणि हळूच म्हणाले, "पाहुण्यायले पहिले जेवू घालू. घरोघरी वाटून देऊ दोन-दोन जन. वडे बी करा म्हनलं मी. मंग खेळू."

ते हसत होते, पण गमतीनं बोलत नव्हते. आणि मी खरं सांगतो, मला ते पटलं. यात नियम कुठे मोडत होता? ही तर रीत होती. कोंढ्याचे लोक नाही म्हणू शकले नसते. मी मान हलवणार तेवढ्यात देवा म्हणाला, "नाही भाऊ. जेवन मॅच झाल्यावर. सगळ्यायचं संगं."

"हारशीन ना बे."

"हारलो तं हारलो."

दोनला सामना सुरू झाला. बरोबर दोनला, मनोहरभाऊंनी घड्याळ पाहून शिट्टी दिली. ऊन स्वच्छ होतं, तळ्याचं पाणी खाली गेलेलं, चेंडू लख्ख दिसत होता. आठव्या मिनिटाला गजूनं पहिला गोल मारला. मग दुसरा. तिसरा तर असा मारला की आमच्या लोकांनीही टाळ्या वाजवल्या. जाळ्याचं भोक शिवून घेतलेलं होतं, चेंडू त्यात नीट अडकला. पस्तीस मिनिटं झाली. मनोहरभाऊंनी शिट्टी वाजवली. तीन-शून्य. देवा आणि गजू खांद्यावर हात टाकून मैदानाबाहेर आले, आणि दोन्ही संघ आखरावरच एका पंगतीत बसले, गावातले, टोलीतले, कोंढ्याचे, जसे आले तसे.

मी त्या पंगतीत वाढत होतो. मी देवाला भात वाढायला वाकलो तेव्हा तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "झाली का मॅच पूरी, मास्तर?"

झाली. त्या तीन गोलांबद्दल मला राग नाही, तेव्हाही आला नव्हता. राग आहे तो नाण्यानं पुसून टाकलेल्या शून्य-शून्यचा.